काळी, मोरंड, खरडी, बरडी: जमिनीच्या वापरानुसार मातीतील कर्बसाठ्याचे प्रारूप कसे उभारावे

वर्धा जिल्ह्यातील आर्वी-कारंजा भागात एखाद्या टेकडीवरून नाल्यापर्यंत चालत उतरले, तर अर्ध्या तासात जमिनीचे चार वापर पायाखालून जातात. माथ्यावर दगडगोट्यांच्या बरडीवर साग, त्याखाली उथळ, हलक्या खरडीवर गायरान, उताराच्या मध्यावर मध्यम खोलीच्या मोरंड जमिनीत संत्र्याची बाग आणि नाल्याकाठच्या खोल काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन. या चार ठिकाणांहून एकेक नमुना उचलायचा, प्रयोगशाळेतून सेंद्रिय कर्बाचे आकडे आणायचे आणि त्यांतील फरकाला ‘भूवापराचा परिणाम’ म्हणायचे, ही या विषयातील सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त केली जाणारी चूक आहे. जंगल बरडीवर उरले, कारण तिथे नांगर चालत नव्हता. कापूस काळीत गेला, कारण ती जमीन मुळातच चांगली होती. म्हणजे वापर बदलण्याआधीच माती वेगळी होती. पुढील सगळी पद्धत हा गुंता सोडवत सोडवत प्रारूपापर्यंत, म्हणजे कर्बसाठा किती आणि कसा बदलतो हे काढणाऱ्या गणिती मांडणीपर्यंत, कसे पोहोचावे, याविषयी आहे. उदाहरण याच भागाचे घेतले आहे आणि पीक-उत्पादन, कर्बाचे टक्के वगैरे शेताचे आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावाचे आकडे आपणच मोजायचे आहेत.

साधन निवडणे

कामाचा हेतू काय, यावर साधन ठरते. जिल्ह्याचा ढोबळ अंदाज हवा असेल, तर प्रत्येक वापराला हेक्टरी एक आकडा देऊन क्षेत्रफळाने गुणण्याची तक्ता-पद्धत पुरते. ‘इनव्हेस्ट’ या आज्ञावलीतील कर्ब-विभाग असेच चालतो. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाची, म्हणजे आयपीसीची पद्धत त्याच्या एक पायरी पुढची आहे: मूळ साठ्याला वापर, मशागत आणि निविष्ठा (मातीत येणारा काडीकचरा, खत) यांचे गुणक लावायचे आणि बदल २० वर्षांत पुरा होतो असे धरायचे. मात्र या गुणकांवर किती भिस्त ठेवावी, हे एका उदाहरणावरून कळेल. उष्ण कटिबंधातील कोरड्या प्रदेशात दीर्घकाळ कसलेल्या जमिनीचा गुणक २००६ च्या मार्गदर्शिकेत ०.५८ होता, २०१९ च्या सुधारणेत तो ०.९२ झाला. जी शेती ४२ टक्के कर्ब घालवते असे मानले जात होते, ती आता ८ टक्केच घालवते. माती तीच, शेतकरी तोच. बदलला तो आधाराला घेतलेला पुरावा.

‘या शेतात कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, परत टाकले तर २० वर्षांत काय होईल’ असा प्रश्न असेल, तर काळाबरोबर चालणारे प्रारूप लागते. त्यासाठी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती-संशोधन केंद्रात तयार झालेले रॉथ-सी हे प्रारूप मी सुचवतो. ते महिन्या-महिन्याने चालते, त्याला माहिती कमी लागते, त्याची सगळी समीकरणे उघड आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कर्बसंचय-नकाशासाठी तेच वापरले आहे. ‘आर’ या संगणकभाषेतील ‘सॉइल-आर’ या संचात ते तयार मिळते. पण पहिल्यांदा ते साध्या स्प्रेडशीटमध्ये स्वतःच्या हाताने मांडून पाहावे, म्हणजे कोणता आकडा कुठे जातो ते कळते. एक मर्यादा मात्र आधीच ध्यानात ठेवावी: हे प्रारूप पाणी न साचणाऱ्या जमिनींसाठी आहे, त्यामुळे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांना ते जसेच्या तसे लावू नये.

आधी नकाशा, मग फावडे

जमिनीचा वापर हा एकच थर घेऊन नकाशा करू नये. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मृद नकाशे आणि इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील भूवापर नकाशा एकमेकांवर ठेवून ‘माती गुणिले वापर’ असे घटक पाडावेत. मग असे दिसते, की काही चौकोन जवळजवळ रिकामे आहेत: खोल काळीवर साग नाही, बरडीवर संत्रा नाही. या रिकाम्या चौकोनांविषयी कोणताही तुलनात्मक दावा करता येणार नाही, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. तुलना करायची ती जोड्यांची: एकाच मोरंड पट्ट्यात धुऱ्याच्या एका बाजूला बाग आणि दुसऱ्या बाजूला कापूस, किंवा एकाच खरडीवर गायरान आणि त्यातूनच अतिक्रमणाने काढलेले शेत. अशा जोड्या शोधायला वेळ लागतो. पण अशी एक जोडी दहा सुट्या नमुन्यांपेक्षा मोलाची असते.

प्रत्येक घटकाला इतिहासही जोडायचा आहे, कारण आजचा साठा हा गेल्या पन्नास वर्षांच्या वहिवाटीचा परिणाम आहे. सातबाऱ्यातील गाव नमुना बारा हा पिकांचा उतारा, गावाच्या सामाईक जमिनींची नोंद असलेले निस्तार पत्रक आणि १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रे, या तीन गोष्टींतून बराच इतिहास उभा राहतो. बाकीचा इतिहास म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून मिळतो. सोयाबीन पसरण्याआधी इथे कापसाबरोबर ज्वारी होती, दावणीला जास्त जनावरे होती आणि म्हणून शेणखतही होते. ‘पूर्वी किती गाड्या खत टाकत होता?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही उपग्रहाकडे नाही.

नमुना आणि साठ्याचा हिशेब

भारी काळ्या जमिनीत नमुना कधी घ्यावा, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात निर्णायक आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. मे महिन्यात घनता मोजायचे लोखंडी कडे तिच्यात ठोकायला गेलात, तर हातोडीच्या दहाव्या घावाला ते वाकते, माती आत भुकटी होऊन बसते आणि शेजारची भेग मोजणीतून सुटते. पावसाळ्यात चिखल कड्याला चिकटून दबतो. म्हणून सगळ्या घटकांचे नमुने पावसाळ्यानंतर, वाफसा असताना, शक्यतो एकाच पंधरवड्यात घ्यावेत. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटर असे दोन थर घ्यावेत. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करावी. धुरा, झाडाची सावली, उकिरड्याची जुनी जागा आणि गोठ्याजवळचा भाग टाळावा. संत्र्याच्या बागेत आळ्यातील आणि दोन ओळींमधील माती वेगवेगळी ठेवून क्षेत्राच्या प्रमाणात नंतर जुळवावी, नाहीतर आळ्यातील शेणखत सबंध बागेच्या नावावर चढते.

हेक्टरी साठा टनांत काढण्याचे सूत्र सोपे आहे: कर्बाचे टक्के गुणिले स्थूल घनता (एक घन सेंटीमीटर जागेतील कोरड्या मातीचे वजन, ग्रॅममध्ये) गुणिले थराची जाडी सेंटीमीटरमध्ये, आणि त्यातून दोन मिलिमीटरपेक्षा मोठ्या दगडगोट्यांनी व्यापलेला हिस्सा वजा. काळ्या जमिनीत ०.६ टक्के कर्ब, १.३५ घनता आणि ३० सेंटीमीटर खोली असेल, तर साठा २४.३ टन होतो. बरडीवरील सागाखाली कर्ब दुप्पट, म्हणजे १.२ टक्के असला, पण २० सेंटीमीटरवर खडक लागला, घनता १.२ असली आणि ४० टक्के जागा गोट्यांनी व्यापली असेल, तर साठा १७.३ टनच भरतो. टक्केवारीत जंगल दुप्पट पुढे आणि साठ्यात मागे! दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्हींपैकी एकही भूवापराचा परिणाम सांगत नाही.

आणखी एक सापळा घनतेचा आहे. नांगरलेल्या शेताची घनता १.२ आणि गुरांनी तुडवलेल्या गायरानाची १.५ असेल, तर तेवढ्याच ३० सेंटीमीटरमध्ये शेतात हेक्टरी ३,६०० टन आणि गायरानात ४,५०० टन माती मोजली जाते. कर्ब दोन्हींकडे ०.६ टक्केच असला, तरी साठा २१.६ आणि २७ टन दिसतो. म्हणून तुलना समान खोलीची न करता समान वजनाच्या मातीची करावी. त्यासाठी ३० सेंटीमीटरच्या खालचाही एक थर हाताशी ठेवावा लागतो.

प्रयोगशाळेत माती देताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय परत फिरू नये. पहिला: सेंद्रिय कर्ब कोणत्या पद्धतीने काढणार? वॉकली-ब्लॅक या नेहमीच्या रासायनिक पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, साधारण तीन-चतुर्थांश जळतो, म्हणून उत्तराला १.३ च्या आसपासचा गुणक लावतात. तो त्यांनी लावला आहे की आपण लावायचा, हे स्पष्ट करून घ्यावे. दोघांनीही लावला तर साठा फुकटचा तीस टक्के वाढतो. दुसरा: चुनखडीचे काय? ज्वलन-यंत्र एकूण कर्ब मोजते आणि आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे भरपूर असतात. माझ्या हाती एकदा नाल्याकाठच्या कापसाचे २.१ टक्के कर्ब असे उत्तर आले आणि मी क्षणभर आनंदलोही. मग उरलेल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तेव्हा ती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. असेंद्रिय कर्ब आम्लाने आधी काढून टाकावा किंवा वेगळा मोजून वजा करावा. मृदा आरोग्य पत्रिकेतील आकडे जुळवणीला उपयोगी पडतात. पण ते वरच्या १५ सेंटीमीटरचे असतात, त्यात घनता नसते आणि कोरडवाहू भागात एक नमुना १० हेक्टरच्या चौकटीचा असतो, हे विसरू नये.

प्रारूपाच्या आत काय चालते

रॉथ-सी मातीतील कर्बाचे पाच कप्पे धरते: लवकर कुजणारा वनस्पतिजन्य भाग, चिवट वनस्पतिजन्य भाग, सूक्ष्मजीवांचे वस्तुमान, ह्यूमस (कुजून टिकून राहिलेला भाग) आणि अजिबात न हलणारा निष्क्रिय भाग. पहिल्या चारांचा वार्षिक कुजण्याचा दर अनुक्रमे १०, ०.३, ०.६६ आणि ०.०२ आहे. निष्क्रिय भाग एकूण साठ्याचा १.१३९ वा घात करून ०.०४९ ने गुणल्यास मिळतो, २४.३ टनांना तो सुमारे १.९ टन येतो. पीक, गवत, झाड यांतला फरक प्रारूपात शिरतो तो मुख्यतः येणाऱ्या काडीकचऱ्यातील लवकर कुजणाऱ्या आणि चिवट भागांच्या गुणोत्तरातून. पिकांसाठी ते १.४४, न सुधारलेल्या गवताळ-झुडपी जमिनीसाठी ०.६७ आणि पानझडी वा उष्णकटिबंधीय जंगलासाठी ०.२५ धरतात. संत्र्याला यांपैकी एकही नीट बसत नाही. झाडाचा पाला आणि ओळींमधील तण वेगळे धरून मी मधला आकडा घेतो आणि तसे लिहून ठेवतो.

चिकणमातीचे प्रमाण ठरवते, की कुजलेल्या कर्बातला किती हवेत जाईल. ५५ टक्के चिकणमातीच्या काळीत सुमारे ७६ टक्के हवेत जातो आणि २४ टक्के सूक्ष्मजीव व ह्यूमस यांत उरतो. १० टक्के चिकणमातीच्या हलक्या जमिनीत जेमतेम १९ टक्के उरतो. म्हणून चिकणमातीचा आकडा नकाशावरून उचलू नये, तो मोजून घ्यावा.

कुजण्याच्या दराला दर महिन्याला तीन गुणक लागतात. तापमानाचा गुणक ९.२५ अंश सेल्सिअसला १ असतो, २७ अंशांना ४.२ आणि ३५ अंशांना ५.७६ होतो. ओलाव्याचा गुणक १ पासून ०.२ पर्यंत उतरतो. आच्छादनाचा गुणक जमीन पिकाखाली असेल तर ०.६ आणि उघडी असेल तर १. आता ऑगस्टमधील कापूस घ्या: ४.२ गुणिले १ गुणिले ०.६, म्हणजे २.५२. त्याच शेताचा मे महिना घ्या: ५.७६ गुणिले ०.२ गुणिले १, म्हणजे १.१५. उन्हाळ्यात कर्ब ‘जळून जातो’ अशी समजूत सर्वत्र आहे; हिशेब मात्र सांगतो, की पाऊस आणि उष्णता एकत्र येतात त्या महिन्यांत खरे कुजणे होते. ऑगस्टमध्ये लवकर कुजणाऱ्या भागाचा ८८ टक्के हिस्सा एका महिन्यात संपतो. ओलिताचा परिणामही येथेच दिसतो. जानेवारीत २१ अंशांना कोरडवाहू कापसाचा एकूण गुणक ०.३६ असेल, तर ठिबकावरील संत्र्याच्या ओल्या पट्ट्यात तो १.८ होतो. बागेत पालापाचोळा जास्त पडतो खरा, पण तो पाचपट वेगाने कुजतोही. एक बाजू मोजून दुसरी सोडली, तर बाग फुकटच पुण्यवान ठरते.

इथे विदर्भातील वापरकर्त्याने थांबून पाहावे असा एक दोष आहे. प्रारूप असे धरते, की उघडी जमीन पिकाखालच्या जमिनीइतकी सुकत नाही. तिची ओलाव्याची तूट कमाल तुटीच्या १.८ व्या भागावर थांबते. इंग्लंडच्या हवेत हे ठीक आहे. पण सोयाबीन ऑक्टोबरात निघाले आणि रब्बी घेतली नाही, तर प्रारूपाच्या मते ते शेत थेट मृगापर्यंत ओलसर राहते. मे महिन्यात ओलाव्याचा गुणक ०.२ ऐवजी ०.८४ येतो आणि एकूण गुणक १.१५ ऐवजी ४.८ वर जातो. ज्या जमिनीच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, तिच्यात सूक्ष्मजीव ऑगस्टपेक्षाही जोमाने काम करत आहेत, असे उत्तर संगणक निमूटपणे देतो. कोरड्या प्रदेशांसाठी फरिना आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या भागात बदल सुचवले. ते लावावेत, किंवा निदान उघड्या जमिनीची मर्यादा काढून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. पाऊस आणि तापमान यांसाठी भारतीय हवामान विभागाची चौकटवार माहिती पुण्याहून उपलब्ध आहे. बाष्पीभवन उघड्या पात्रातील असेल, तर प्रारूपात ते ०.७५ ने गुणले जाते. दुसऱ्या सूत्राने काढलेले बाष्पोत्सर्जन भरताना हा गुणक दोनदा लागत नाही ना, ते तपासावे.

खरी मेहनत: मातीत किती कर्ब येतो

प्रारूप चुकते ते बहुतेक वेळा येथे. सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी १,२०० किलो आणि दाण्याचा वाटा जमिनीवरील एकूण वजनाच्या ४० टक्के धरला, तर झाडाचे वजन ३,००० किलो आणि दाण्याखेरीज उरलेले १,८०० किलो येते. यांतील काही पाने काढणीआधीच गळतात, काही धसकटे राहतात. ती ६०० किलो धरू. मुळे जमिनीवरील वजनाच्या एक-पंचमांश, म्हणजे आणखी ६०० किलो. कोरड्या वजनात ४५ टक्के कर्ब धरला, तर वर्षाला हेक्टरी ०.५४ टन कर्ब मातीत येतो. उरलेले १,२०० किलो कुटार मळणीनंतर गोठ्यात गेले तर हिशेब इथेच संपतो. ते शेतात पसरले, तर येणारा कर्ब थेट दुप्पट होतो. म्हणजे एकाच पिकाच्या, एकाच नकाशा-रंगाच्या दोन शेतांत निविष्ठेचा फरक दुपटीचा असू शकतो.

म्हणूनच ‘शेती’ हा एक वर्ग न ठेवता वहिवाटीप्रमाणे पोटवर्ग पाडावेत. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटून चुलीला जाते, धुऱ्यावर जळते की यंत्राने बारीक करून शेतात मिसळते? तुरीचा पाला शेतातच गळतो, तुऱ्हाट्या मात्र घरी जातात. शेणखताच्या ‘गाड्या’ मोजताना एक गाडी प्रत्यक्ष तोलून घ्यावी आणि खताचा ओलावा व कर्ब तपासून घ्यावा, कारण उकिरड्यातील खतात माती किती मिसळली आहे, हे डोळ्यांना कळत नाही. रॉथ-सी शेणखताचे ४९ टक्के लवकर कुजणारा, ४९ टक्के चिवट आणि २ टक्के ह्यूमस असे वाटप करते. सागाखाली जाळी बांधून वर्षभराचा पाला तोलावा; मात्र मोहफुले वेचण्याआधी तो पाला पेटवला जातो का, हे गावात विचारावे, कारण जळलेला पाला निविष्ठेत धरता येत नाही. गायरानात चरण्याआधीचे गवत मोजून चालणार नाही. कुंपण घातलेला छोटा चौरस आणि उघडा चौरस, दोन्ही मोजले तर गुरांनी खाल्लेला वाटा कळतो. शेणाच्या गोवऱ्या होत असतील, तर तो परतही येत नाही.

सुरुवात, चालवणे आणि तपासणे

मातीतील आजचे पाच कप्पे प्रयोगशाळेत मोजून मिळत नाहीत, म्हणून प्रारूपाला भूतकाळातून चालवत आजपर्यंत आणावे लागते. मूळ गवताळ वा झाडोऱ्याच्या अवस्थेत ते स्थिर होईपर्यंत, हजारो वर्षे चालवावे. मग जमीन फुटल्यापासूनचा ज्ञात इतिहास द्यावा आणि आजच्या मोजलेल्या साठ्याशी उत्तर जुळते का ते पाहावे. जुळत नसेल, तर बहुतेक जण मूळ निविष्ठा कमीजास्त करून ते जुळवतात. हे चालते, पण जुळवणीसाठी लागलेली निविष्ठा त्या जमिनीवर कधीकाळी शक्य होती का, हा प्रश्न विचारावा. बरडीवर हेक्टरी आठ टन कर्ब दरसाल पडत होता असे उत्तर आले, तर चूक घनतेत, दगडांत किंवा चुनखडीत शोधावी. उताराच्या जमिनीत उलटही घडते: प्रारूप धूप धरत नाही, त्यामुळे वाहून गेलेली माती ‘कुजलेला कर्ब’ म्हणून हिशेबात शिरते आणि खालच्या नाल्याकाठी तीच ‘साठवण’ म्हणून दिसते.

पुढील २० वर्षे चालवताना प्रत्येक घटकाची एक ‘आहे तसेच’ धाव आणि एकेक बदलाची वेगळी धाव ठेवावी. एकाच धावेत कुटार, शेणखत आणि ओलीत तिन्ही बदलले, तर कशामुळे काय झाले ते कळत नाही. तपासणीसाठी एक-तृतीयांश ठिकाणे जुळवणीत न वापरता बाजूला ठेवावीत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू पद्धतीचा दीर्घकालीन खत प्रयोग १९८८ पासून चालू आहे. आपले प्रारूप अशा प्रयोगाच्या प्रसिद्ध आकड्यांवर आधी चालवून पाहणे हा उत्तम सराव आहे.

निकाल एका आकड्यात देऊ नये. निविष्ठा, घनता, चिकणमाती आणि सुरुवातीचा साठा यांच्या शक्य पल्ल्यांतून संगणकाने पुनःपुन्हा आकडे उचलून प्रारूप हजार वेळा चालवावे आणि मिळालेला पल्ला लिहावा. साठा २४.३ टन आणि वाढ वर्षाला ०.१ टन असेल, तर पाच वर्षांत अर्धा टन, म्हणजे दोन टक्के फरक पडतो. एकाच शेतात दोनदा नमुना घेतला तरी याहून मोठा फरक येतो, म्हणून पाच वर्षांनी माती तपासून ‘वाढ सिद्ध झाली’ म्हणणाऱ्याला नमुन्यांची संख्या विचारावी. कर्बाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करताना ३.६७ ने गुणतात. गटाला किंवा गावाला कर्ब-पतांचे (कार्बन क्रेडिटचे) आश्वासन देणारी मंडळी यांपैकी कोणता आकडा सांगत आहेत, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

तालुक्याचा एकूण साठा काढताना प्रत्येक घटकाचा हेक्टरी पल्ला त्याच्या क्षेत्राने गुणून बेरीज करावी आणि ज्या रिकाम्या चौकोनांची नोंद सुरुवातीला केली होती, ते नकाशावर रंग न भरता तसेच ठेवावेत.

तपासणीनंतर उरलेली माती टाकू नये. रॉथॅमस्टेडला १८४३ पासूनचे नमुने बाटल्यांत जपलेले आहेत आणि रॉथ-सी उभे राहिले ते अशा जुन्या मातीवर पुढे रेडिओकार्बन मोजता आला म्हणून. आपल्याला बाटल्या नसल्या तरी वाळवून चाळलेली पाव किलो माती जाड पिशवीत पुरते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनची शाई दोन पावसाळ्यांत उडते, आणि एक चिठ्ठी बाहेर, एक आत ठेवावी. तिच्यावर गट क्रमांक, खोली, तारीख आणि त्या वर्षी कुटार कुठे गेले, एवढे असावे.